दहा जांभळी बोटं

मुलांनो, आधी आपापल्या डाव्या हाताची करंगळी समोर धरा. नख कसं दिसतंय? गुलाबीसर, कडेला थोडी माती, एखाद्याचं कुरतडलेलं. आता डोळे मिटा आणि कल्पना करा, की ते नख गडद जांभळं आहे. नुसतं नखच नाही, अख्खं बोट. आणि एकच बोट नाही, दहाच्या दहा, वर मनगटापर्यंत दोन्ही हात. साबणाने घासा, दगडाने घासा, काही उपयोग नाही. रंग पक्का आहे. तो पक्का असावाच लागतो, कारण त्या रंगावर घर चालतं.

अशा हातांची एक मुलगी होती. असेल नऊ-दहा वर्षांची. तिला खरं नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळी गल्ली तिला जांभळी म्हणायची.

गल्ली रंगाऱ्यांची होती. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात एक मोठा हंडा, खाली जाळ, हंड्यात उकळता रंग. त्यात सुताच्या लडी बुडवायच्या, दांड्याने फिरवायच्या, बाहेर काढून पिळायच्या आणि दोरीवर वाळत घालायच्या. एका घरी जांभळा रंग, शेजारी गडद निळा, पलीकडे काळा. कुणाकडे कुठला रंग हे विचारावं लागत नसे. घरातल्या मुलींचे हात बघितले की झालं.

मुलींचे. मुलांचे हात स्वच्छ असत, कारण मुलं शाळेत जात आणि रंगीत हातांनी वह्या खराब होतात. मुलींच्या वह्यांची काळजी कुणाला करावी लागत नव्हती. दुसरी-तिसरीतच त्यांच्या वह्या संपलेल्या असत.

दांड्याने लडी फिरवायला मोठ्या माणसाचं बळ लागतं, पण पिळायला लहान, चिवट हात बरे. पीळ एकसारखा बसला नाही तर सुतावर चट्टे पडतात. जांभळीचा पीळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. गिऱ्हाइकाला लडी दाखवताना तिचे बाबा म्हणायचे, ही माझ्या पोरीने पिळलीय, माझा उजवा हात आहे ती. हे ऐकलं की जांभळीला दिवसभर काही जड वाटत नसे. बाबा स्वतः कोपरापर्यंत येणारे रबरी मोजे घालत. तिच्या मापाचे बाजारात मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तिच्या धाकट्या भावाचे शाळेचे बूट मात्र त्याच बाजारात अगदी मापाचे मिळाले होते.

या भावाला घरात सरकार म्हणत. सरकार उठले का, सरकारांना भूक लागली का, सरकार आज रुसलेत. पोरगा वाईट नव्हता. ताईवर त्याचा जीव होता. पण सरकार खोकले की बाबा हंड्याखालचा जाळ सोडून रिक्षा बोलवायला पळत. जांभळीचा डावा कान ती चार वर्षांची असल्यापासून वाहत होता. तेव्हा ती रात्र रात्र रडली होती. घरी राहणारी आत्या म्हणाली होती, मुलींचे कान वाहतातच, मोठ्या झाल्या की आपोआप थांबतात. ती मोठी झाली, कान थांबला नाही. आता त्या कानाने तिला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. बाबा गमतीने म्हणायचे, "बहिरीबाई, उजव्या बाजूने या." तीसुद्धा हसायची. त्या घरात माया नव्हती असं समजू नका. माया होती. पण ती माया जांभळीचं बोट धरून दवाखान्यापर्यंत कधी गेली नाही.

त्या वर्षी गावात गोवराची साथ आली. गोवर म्हणजे ताप, लाल डोळे, अंगभर पुरळ. पुष्कळ लोकांना वाटतं, त्यात काय, येतो आणि जातो. कधी जातो, आणि कधी जाताना छातीत उतरतो, डोळ्यांवर जातो, मूल घेऊन जातो. त्यावर लस आहे. ती टोचली की बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. म्हणून लस देणारी माणसं आधी शाळाशाळांत गेली, मग शाळेत न सापडलेल्या मुलांसाठी घरोघर. कुणाला टोचलं आणि कुणाचं राहिलं हे गर्दीत कसं कळणार? त्यासाठी सोपी युक्ती होती. सुई झाली की डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची. शाई जांभळट काळी, पुष्कळ दिवस न जाणारी. पुढच्या वेळी नुसती करंगळी बघायची. स्वच्छ असेल तर टोचा, खूण असेल तर पुढे चला.

युक्ती चांगली होती. फक्त ती काढणाऱ्याने रंगाऱ्यांची गल्ली बघितलेली नव्हती.

सिस्टर गल्लीत आली ती भर दुपारी, खांद्याला लशीचा थंड डबा अडकवून, घामाने निथळत. सरकार सर्दीमुळे शाळेत गेले नव्हते, त्यामुळे त्यांची सुई राहिली होती. बाबांनी आठ वर्षांच्या त्या घोड्याला कडेवर घेऊन बाहेर आणलं. त्याची करंगळी स्वच्छ. सुई टोचली, सरकारांनी सगळी गल्ली डोक्यावर घेतली, करंगळीवर खूण झाली, बाबांनी त्याला खिशातली गोळी दिली.

मग सिस्टरला दारात उभी जांभळी दिसली. गळ्यात ओली लड, हात पाठीमागे. सिस्टरने हात दाखव म्हटलं. जांभळीने डावा हात पुढे केला. करंगळी गडद जांभळी. सिस्टरला अजून दोन गल्ल्या करायच्या होत्या. तिने बाबांकडे बघून विचारलं, हिचं झालेलं दिसतंय ना?

बाबा जांभळीच्या उजव्या बाजूला उभे होते, त्यामुळे त्यांचं उत्तर तिला स्वच्छ ऐकू आलं.

"हो, दिसतंय की," बाबा म्हणाले.

सिस्टर पुढच्या दारी गेली. तिथली मुलगी निळ्या हंड्यावर काम करायची, जांभळीची जिवलग मैत्रीण. तिला सगळे निळी म्हणत. तिची करंगळी इतकी काळपट निळी होती की सिस्टरने प्रश्नसुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी सरकार आपली खूण मिरवत अंगणात आले. ही खूण असली की गोवर येत नाही, असं त्याने ताईला समजावून सांगितलं. मग मला का नाही टोचली, तिने विचारलं. तो म्हणाला, तुझी खूण आहे ना. ती म्हणाली, खुळ्या, हा आपला रंग आहे. सरकारांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग सांग ना बाबांना.

तिने सांगितलं. बाबा हसले. एक सुई वाचली तुझी, म्हणाले. मग जरा गंभीर होऊन त्यांनी हिशेब समजावला. सुई टोचली की हात दुखतो, एखाद दिवस ताप येतो. या आठवड्यात माल द्यायचाय. लडी कोण पिळणार? सरकारचं वेगळं आहे, त्याला शाळेत शंभर पोरांत बसायचं असतं. आत्याने मान डोलावली. मुलींची जात काटक, म्हणाली, त्यांना काही होत नाही. आई चुलीपाशी होती. तिने एक लाकूड आत सरकवलं, ते नीट पेटलेलं असूनही पुन्हा बाहेर ओढलं, पुन्हा सरकवलं.

मुलांनो, इथे जरा थांबू या. सिस्टरची चूक झाली, ती घाईत आणि नकळत. बाबांना मात्र सगळं ठाऊक होतं. ज्या कामाला त्यांनी मुलीला बसवलं, त्याच कामाचा रंग तिच्या आड आला होता, आणि तो पुसायला एक वाक्य पुरलं असतं: बाई, तो आमच्या हंड्याचा रंग आहे. तेवढं एक वाक्य त्यांनी गिळलं, कारण चूक सोयीची होती. आणि त्या दुपारी गल्लीतल्या दर दारात कुणी ना कुणी मोठं माणूस ते वाक्य गिळून उभं होतं. मुलाची करंगळी तेवढी कुणीच चुकू दिली नव्हती, शाळेत नाही तर दारात.

थोड्या दिवसांनी निळी अंगणात दिसेनाशी झाली. तिला ताप होता. तिच्या घरचे म्हणाले, गोवर आहे, सगळा अंगावर बाहेर पडू दे, निघून जाईल. जांभळीला तिच्याकडे जायला बंदी केली, आणि ती बंदी जांभळीच्या काळजीने नव्हती, तिने गोवर घरी आणून सरकारला देऊ नये म्हणून होती. भिंतीपलीकडून निळीचा खोकला ऐकू यायचा. जांभळी उजवा कान भिंतीला लावून बसायची. मग खोकल्याच्या मधे शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मग एका सकाळी निळीला लडी वाहायच्या हातगाडीवर घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिचे निळे हात गाडीच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होते.

त्या दिवशी जांभळी लडी पिळत होती आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या गल्लीत मुलं चेंडू खेळत होती. निळीचा भाऊसुद्धा त्यात होता. तो निळीच्याच खोलीत झोपायचा, तिच्याच ताटलीत जेवायचा, आणि आता चेंडूमागे धावत होता. त्याच्या करंगळीवर छोटीशी काळी खूण होती. सरकारच्या करंगळीवर होती. चेंडू झेलायला जो हात वर जाई त्याच्या करंगळीवर ती होती. आणि गल्लीत आजारी कोण होतं? निळी. काळ्या हंड्यावरच्या दोघी बहिणी. टोकाच्या घरातली एक गप्प गप्प मुलगी. आजारी होत्या त्या सगळ्यांचे हात मनगटापर्यंत रंगलेले होते.

जांभळीच्या हातातला पीळ सुटला. सुतावर चट्टा पडला. आजवर असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. सिस्टर पुन्हा आली होती. किराणा दुकानासमोरच्या बाकावर डबा ठेवून बसली होती आणि राहिलेल्या मुलांना घेऊन या, इथली ही शेवटची फेरी आहे, असं सांगत होती. बाबांनी अंगणातूनच आवाज दिला, जांभळे, तू हलू नकोस, हंडा उतरवायचाय. बाबा तिच्या डाव्या बाजूला होते. तिला ऐकू आलं नाही असं तिने ठरवलं. ओली लड घमेल्यात टाकली आणि हात न पुसता चालू लागली. बाकापर्यंत तिच्यामागे जांभळ्या थेंबांची एक रेघ उमटत गेली.

सिस्टरने मान वर न करता तिची करंगळी बघितली. झालंय तुझं, घरी जा, म्हणाली.

जांभळीने दोन्ही हात थंड डब्याच्या पांढऱ्या झाकणावर ठेवले, बोटं फाकवून.

"बाई, मग मला दहा सुया टोचल्या का?"

सिस्टरने आता वर बघितलं.

"बोटाला रंग म्हणजे सुई झाली, असं तुम्ही म्हणता," जांभळी म्हणाली. "माझ्या दहाही बोटांना आहे. माझ्या भावाच्या एकाच बोटाला आहे, तरी तो दोन दिवस हात धरून बसला होता. मी एकदाही रडले नाही. मला कुणी टोचलंच नाही."

सिस्टरने तिची करंगळी हातात घेतली. कापसाच्या बोळ्याने घासली. नखं बघितली, तळवा बघितला, बाही सारून मनगट बघितलं, जिथे जांभळा रंग एखाद्या बांगडीसारखा गोल संपत होता. मग तिने मान उचलून गल्लीकडे बघितलं. उघड्या दारांतून मागची अंगणं दिसत होती, प्रत्येक अंगणात दोरी, प्रत्येक दोरीपाशी कुणीतरी मुलगी. सिस्टरचा चेहरा उतरला. या गल्लीत आपण किती करंगळ्या बघून पुढे गेलो ते तिला एकेक करून आठवत असावं.

तोवर बाबा पोचले. हातात रबरी मोजे तसेच. मागोमाग आत्या, तिच्यामागे आई.

सिस्टरने बाबांना विचारलं, "तुम्ही तर म्हणालात हिचं झालंय."

"मी म्हणालो दिसतंय," बाबा म्हणाले. "झालंय असं कुठे म्हणालो? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हालाच कळायला पाहिजे."

"मला कळायला पाहिजे होतं, खरंय. ती माझी चूक. पण मुलाची करंगळी कोरी आहे हे तुम्हाला बरोबर कळलं. त्याला कडेवर घेऊन आला होतात."

दुकानापाशी उभं असलेलं कुणीतरी हसलं. बाबांना ते लागलं. ते म्हणाले, माल अडकलाय, लडी हंड्यात करपतायत, उद्या बघू. सिस्टर म्हणाली, उद्या मी इथे नाही. आत्या म्हणाली, मुलगी आहे, सोसेल, एवढं काय त्यात. बाबांनी जांभळीच्या दंडाला धरलं. चल, म्हणाले.

आई पुढे झाली. तिने काही आवाज चढवला नाही. जांभळीच्या कमरेचं रंगाने कडक झालेलं फडकं सोडलं आणि स्वतःच्या कमरेला बांधलं.

"लडी मी पिळते," आई म्हणाली. "हिला टोचा, बाई. मी आई आहे हिची, मी सांगतेय. आणि निळीला गाडीवर घालून नेलं ते मी बघितलंय. माझ्या पोरीला तसं न्यायचं नाही मला."

एवढं बोलून ती थांबलीच नाही, अंगणाकडे चालायला लागली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हाताची पकड सैल झाली, की त्यांनी ती सोडली, हे जांभळीला नीट कळलं नाही. दंडावर पाची बोटांचे जांभळे ठसे मात्र राहिले.

सिस्टरने जांभळीच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप, खोकला विचारला. मग डब्यातून एक छोटी बाटली काढली आणि क्षणभर तशीच धरली. त्या एका बाटलीत बऱ्याच मुलांना पुरेल एवढी लस असते, आणि बाटली एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरली तर टाकून द्यायची. म्हणून एका मुलीसाठी बाटली उघडायची नाही, अशी सवय हाताला लागलेली असते. सिस्टरने बाटली उघडली. सुई टोचली. जांभळी सरकारसारखी रडली नाही. थोडीशी रडली, आणि लगेच डोळे पुसले, त्यामुळे गालही जांभळे झाले.

आता खूण करायची पाळी आली. सिस्टरने शाईचं पेन करंगळीला लावलं. जांभळ्यावर जांभळं काय दिसणार? दुसरं बोट धरलं, तेही तसंच. पायाची बोटं बघितली, तर हंड्यातले थेंब उडून तीही रंगलेली.

"आता खूण कुठे करू ग तुझ्या?" सिस्टर म्हणाली.

जांभळीने विचार केला. कामाच्या वेळी तिच्या केसांना घट्ट फडकं बांधलेलं असायचं, आणि त्याखाली कान झाकलेले. तिथे रंग पोचत नव्हता. तिने फडकं वर सरकवलं आणि कान पुढे केला. नेमका डावा, कारण पेन त्या बाजूला होतं.

सिस्टर पेन लावायला वाकली आणि तशीच थांबली. कानातून आलेला ओघळ पाळीपाशी सुकला होता.

"हे कधीपासून आहे?"

"लहानपणापासून."

"डॉक्टरांना दाखवलं?"

जांभळीने बाबांकडे बघितलं. तिच्या बघण्यात तक्रार नव्हती, ती फक्त खरं काय ते बाबांनी सांगावं म्हणून वाट बघत होती. बाबा हातातले मोजे काढू लागले. ते ओले असले की सहज निघत नाहीत. एक निघाला. आतून हात बाहेर आला तो गोरापान, स्वच्छ, कुठेही रंगाचा ठिपका नसलेला. त्यांनी तो पटकन खिशात घातला.

"या आठवड्यात हिला दवाखान्यात घेऊन या," सिस्टर त्यांना म्हणाली. "तुम्ही स्वतः. मुलाला आणता तसं." आणि तिने कानाच्या पाळीवर, स्वच्छ पुसून, ठसठशीत खूण केली.

निळीचं पुढे काय झालं ते तुम्ही विचारणारच. निळी बऱ्याच दिवसांनी घरी आली. छाती बरी झाली, पण एका डोळ्यावर पांढुरका पडदा आला, आणि त्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. ते नशिबाने झालं असं तिच्या घरचे सांगतात. ते नशिबाने झालं नाही. गल्लीत सुई आली होती, तिच्या दारात आली होती, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. हे लक्षात ठेवा, आणि कुणी तुमच्यासमोर नशिबाचं नाव घेतलं तर विचारा, की तिच्या भावाचं नशीब मग कुणी टोचून दिलं.

पण त्या दुपारी हे सगळं अजून पुढे होतं. त्या दुपारी सिस्टरने उघडी बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, अजून पुष्कळ जणींना पुरेल, पण ऊन उतरायच्या आत.

जांभळीने ते उजव्या कानाने ऐकलं. बाबा म्हणाले, चल आता घरी, हात दुखेल. ती घरी गेली नाही. फडकं तसंच मागे सरकवलेलं ठेवून, खूण केलेला कान उघडा टाकून ती गल्लीत पळत सुटली. पहिल्या दारात काळ्या हंड्यावरची नवी मुलगी होती, दोघी आजारी बहिणींच्या जागी बसवलेली त्यांची चुलतबहीण. जांभळीचं बोलणं ऐकून ती उठली आणि घाईघाईने पाण्याच्या बादलीकडे वळली.

जांभळीने तिचं मनगट धरलं.

"हात धुऊ नकोस," ती म्हणाली. "बाईंना आता ठाऊक आहे, हा हंड्याचा रंग आहे. असेच दाखवायचे."

आणि ती पुढच्या दाराकडे धावली.